आमदारकीचं आयुष्य नेमकं कसं असतं? पन्हाळ्याच्या एका सरपंच वकीलताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच आहात, वय चौतीस, कोल्हापुरात वकिली सुरू आहे. जवळची माणसं म्हणतात, आता विधानसभेची तयारी करा. तुम्हाला विचारायचंय की आमदाराचा दिवस कसा जातो, त्या कामात माणूस शिकत वर जातो की नुसता पळत राहतो, पैशाचं काय, आणि पडल्यावर काय.

मी या जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांकडे स्वीय सहायक म्हणून काम केलंय. मुंबई, नागपूर आणि मतदारसंघ या तिन्ही ठिकाणचं काम जवळून पाहिलंय, केलंय. त्यावरून माझं ठाम मत झालंय ते आधीच सांगतो. मतदारसंघातली धावपळ माणसाला निवडून आणते, पण त्यातलं बरंचसं काम दुसरंही कोणी करू शकतं. सभागृहातलं काम फक्त आमदारालाच करता येतं आणि नेमका त्यालाच वेळ उरत नाही. तो वेळ कसा राखायचा हे ज्यांनी सुरुवातीलाच ठरवलं, त्यांच्याच कारकिर्दीला पुढे आकार आला. बाकीचे चांगले, कष्टाळू लोक पाच वर्षं पळाले आणि मागे सांगण्यासारखं फार काही राहिलं नाही.

आधी आपल्या भागाचं राजकारण. तुमचा पन्हाळा तालुका एका मतदारसंघात नाही. काही गावं शाहूवाडीत जातात, काही करवीरमध्ये. २००८ च्या पुनर्रचनेआधी पन्हाळा नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. सांगरूळ, वडगाव, गडहिंग्लज हेही होते. आता जिल्ह्यात १० जागा आहेत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. यातली हातकणंगले अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. एका आदेशाने मतदारसंघाचं नावच पुसलं गेलं, हे इथल्या माणसांनी अनुभवलंय. जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना होईल, म्हणून आजच्या नकाशावर विसंबून पंधरा वर्षांचा हिशेब मांडू नका. तुमची ओळख गावांच्या यादीपेक्षा मोठी हवी. पाणी, दूध, ऊस, शाळा, कोर्टकचेरी यांपैकी एखाद्या विषयावर लोकांनी तुम्हाला ओळखलं, तर हद्द कुठेही सरकली तरी ती ओळख सोबत येते.

कोल्हापुरात आमदारकीकडे जाणारी रुळलेली वाट सहकारातून जाते. साखर कारखाना, जिल्हा बँक, गोकुळ म्हणजे जिल्हा दूध संघ, बाजार समिती. गोकुळच्या निवडणुकीत मत गावच्या दूध संस्थेच्या प्रतिनिधीला असतं, म्हणून गावोगावचे ठराव कुणाच्या बाजूने झाले यावरून जिल्ह्याचं राजकारण मोजलं जातं. बिद्री, भोगावती, कुंभी-कासारी या कारखान्यांची निवडणूक लागली की त्या पट्ट्यात विधानसभेइतकीच ईर्ष्या असते. याला कारण आहे. कारखान्याचा सभासद, संस्थेचा सचिव, बँकेचा कर्जदार ही वर्षभर संपर्कात असलेली, एकमेकांत गुंतलेली माणसं असतात. पक्ष निवडणुकीच्या तोंडावर येतो, गट बारा महिने असतो. आपल्याकडे पक्ष बदलूनही माणसं निवडून येतात, कारण गट जागचा हललेला नसतो.

या वाटेची ताकद मला मान्य आहे. रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत बसलेले, पुढे शिरोळचे आमदार, राज्यमंत्री, आणि त्यांनीच पंचगंगा साखर कारखाना उभा केला. त्या पिढीला संस्था आणि सभागृह दोन्ही पेललं. पण मी असेही आमदार पाहिलेत ज्यांना संस्थेनेच गिळलं. संचालकांची नाराजी, कामगारांचा पगार, थकलेली बिलं, लेखापरीक्षण, कर्जाचं पुनर्गठन. अधिवेशन चालू असताना हा माणूस मनाने कारखान्यावरच असायचा. शिवाय संस्था अडचणीत आली की सरकारच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ज्याच्याकडे हमी मागायची त्याला सभागृहात खडा सवाल विचारणं अवघड होतं. पक्षांतरांच्या मागे विचारापेक्षा ही अडचण कितीदा असते, हे लोकांना कळतं तितकं बोललं जात नाही.

दुसरी वाट चळवळीची. राजू शेट्टी ऊसदराच्या आंदोलनातून २००२ मध्ये जिल्हा परिषदेत गेले, २००४ मध्ये शिरोळचे आमदार झाले आणि २००९ मध्ये हातकणंगल्याचे खासदार. कारखाना पाठीशी नसताना, कारखानदारांशीच भांडून. तुम्हाला संस्था वारशात मिळालेली नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हे उदाहरण डोळ्यासमोर असू द्या. या वाटेला वेळ लागतो, केसेस अंगावर येतात, पण कुणाचं देणं डोक्यावर राहत नाही.

आणि गुलाल किती चंचल असतो तेही पाहा. २०१४ मध्ये जिल्ह्यातल्या १० पैकी ६ जागा शिवसेनेने जिंकल्या. २०१९ मध्ये शिवसेनेकडे एकच राहिली, भाजपकडे एकही नाही आणि काँग्रेसकडे ४. २०२४ मध्ये काँग्रेसची पाटी कोरी झाली आणि दहाही जागा महायुती व तिच्या बाजूच्या आमदारांकडे गेल्या. लागोपाठच्या तीन निवडणुकांत हे घडलं. यात काम केलेले आमदारही पडले. म्हणून ‘काम केलं की निवडून येतो’ हे अर्धंच खरं आहे, आणि ही गोष्ट आत्ताच मनाशी पक्की केलेली बरी.

आता दिवस. सकाळी सातच्या आत घरासमोर माणसं असतात. कुणाच्या मुलीची बदली, कुणाचं सातबाऱ्यावरचं नाव, कुणाचा डीपी जळालाय, कुणाच्या बापाला सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, खाट हवी. यातली निम्मी कामं तहसीलदार, महावितरण, तलाठी, ग्रामसेवक यांनी आपणहून करायची असतात. ती होत नाहीत म्हणून माणूस आमदाराकडे येतो. दवाखान्याची कामं मात्र कधीच हलक्यात घेऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का, धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांच्या राखीव खाटांपैकी एखादी मिळते का, मुख्यमंत्री सहायता निधीला कोणते कागद लागतात, हे माहीत असलेलं एक माणूस कार्यालयात बसवलं तर महिन्याकाठी कितीतरी घरं कर्जातून वाचतात. मी पाहिलेल्या सगळ्या कामांत लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात ते हेच.

मग फिरती. रक्षाविसर्जन, लग्न, वास्तुशांत, म्हाई, तालमीचा कार्यक्रम, मंडळाची आरती. बाहेरच्या लोकांना हे पोरकट वाटतं. मला तसं वाटत नाही. दुःखात दारात आलेला माणूस आपल्याकडे विसरला जात नाही आणि त्यात गैर काही नाही. पण सकाळी तीन गावांत रक्षाविसर्जन आणि दुपारी सात लग्नं असा दिवस झाला की वाचायला, विचार करायला, अधिकाऱ्यासमोर बसून फाईल समजून घ्यायला वेळ राहत नाही. एका आमदारांनी घरच्यांशी आणि प्रमुख कार्यकर्त्यांशी बसून ठरवलं होतं की आठवड्यातला एक दिवस कोणत्याही कार्यक्रमाला जायचं नाही, त्या दिवशी फक्त कागद. पहिलं वर्षभर लोक रागावले. पुढे त्या दिवशी लोक निमंत्रणाऐवजी निवेदन घेऊन यायला लागले.

पुराचं वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापूरच्या आमदाराची पारख तिथे होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये आपण काय पाहिलं ते वेगळं सांगायला नको. होडीतला फोटो सगळ्यांचा असतो. खरं काम पाणी ओसरल्यावर असतं: पंचनाम्यातून कुणाचं नाव सुटलं, भाडेकरूला सानुग्रह अनुदान मिळणार की घरमालकाला, पडझड अंशतः की पूर्ण, जनावरं वाहून गेली त्याचा पुरावा काय. तेव्हा शासन निर्णय हातात धरून तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत बोलणारा आमदार लागतो. तुम्ही वकील आहात, इथे तुमचं शिक्षण थेट उपयोगी पडेल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग, सभागृह. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य. वर्षातून तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूर करार १९५३ चा, त्यानुसार १९६० पासूनची ही गोष्ट. आपल्या बाजूने मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत पोहोचवते, नागपूरला जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुरा दिवस मोडतो. वर्षभरात मिळून अधिवेशनाचे दिवस थोडेच असतात, आणि तेवढ्यातच राज्यभरचा आमदार आपला प्रश्न पुढे रेटत असतो.

तारांकित प्रश्नापासून, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्या प्रश्नापासून, सुरुवात करा. अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी तो पाठवावा लागतो. त्याची घडण ठरलेली आहे: अमुक गावच्या बंधाऱ्याची दुरुस्ती झालेली नाही हे खरे आहे काय, असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नवख्या आमदाराला वाटतं हा नुसता साचा आहे. तसं नाही. हा प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून उपविभागात, तिथून शाखा अभियंत्याच्या टेबलावर येतो आणि कुणाला तरी सहीनिशी लिहावं लागतं की बंधाऱ्याचं काय झालं. सभागृहात तो पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर पटलावर येतं. प्रश्न गेला म्हणून काम सुरू झालं, असं मी वारंवार पाहिलंय. उत्तराची वेळ येण्याआधीच गावात जेसीबी पोहोचलेला असतो.

मात्र प्रश्न ढिसाळ असेल तर उत्तरही तसंच येतं. ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन उत्तरांत चांगले चांगले प्रश्न संपताना मी पाहिलेत. तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कुजलेत, पावसाळ्यानंतर बसवले तरी पाणी थांबत नाही, फेब्रुवारीतच नदी कोरडी पडते. प्रश्न कुणाला विचारायचा? बंधारा १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचा असेल तर तो जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याहून मोठा असेल तर जलसंपदाकडे. चुकीच्या खात्याला विचारलं की ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढंच पदरात पडतं आणि एक अधिवेशन वाया जातं. बंधाऱ्याचं नाव, नदी, गट नंबर, शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी, किती खर्च, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्याने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, संपला का, हे सगळं प्रश्नातच गुंफलं तर ‘हे खरे नाही’ असं लिहायची हिंमत कुणाला होत नाही. हा मजकूर आमदार एकटा गोळा करू शकत नाही. त्याला गावातून माहिती देणारा सरपंच लागतो, कार्यालयात ती नीट मांडणारा माणूस लागतो. म्हणून म्हणतो, आमदार होण्याआधी चांगले प्रश्न तयार करून देणारी सरपंच व्हा. तुमच्या आमदारांकडे आजच जाऊन तुम्ही हे करू शकता, पक्ष कोणताही असो.

तातडीच्या सार्वजनिक प्रश्नासाठी नियम १०५ खालची लक्षवेधी असते. मंत्र्याला निवेदन करावं लागतं, त्यावर आमदाराला खुलासे विचारता येतात. इथे तयारी दिसते. मंत्री म्हणतो, ‘एका महिन्यात बैठक लावतो’, ‘अधिकाऱ्यांना सूचना देतो’, आणि बाकं वाजतात. बहुतेक आमदार तिथेच समाधान मानतात, बातमी होते, क्लिप फिरते. पण मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हे आश्वासन असतं आणि ते पाळलं की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. त्या वाक्याचा कार्यवाहीतला उतारा काढून, तारीख घालून खात्याला पत्र, मग स्मरणपत्र, मग समितीकडे. या पाठपुराव्याला कॅमेरा नसतो. माझ्या मते आमदारकीतला सगळ्यात किमती भाग हाच आहे.

समित्या तर लोकांना माहीतच नसतात. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, विनंती अर्ज समिती. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत काय धांदल उडते ते तुम्ही सरपंच म्हणून पाहिलं असेल किंवा ऐकलं असेल. समितीसमोर सचिवांची साक्ष होते, तिथे भाषण चालत नाही, आकडे लागतात. विरोधी पक्षातल्या आमदाराला मंत्रिपद नाही म्हणून हातावर हात धरून बसायची गरज नसते ती समित्यांमुळे. नियम २९३ ची चर्चा, पुरवणी मागण्या म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला वाढीव खर्च, मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायचं अशासकीय विधेयक, औचित्याचा मुद्दा, ही बाकीची आयुधं हळूहळू अंगवळणी पडतात. विधानभवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, ग्रंथालय आहे. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची. त्याचा कायदा राज्यात १९७७ मध्ये झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याला याच अनुभवाचा आधार होता. दुष्काळी गावातल्या माणसाला हाताला काम हा हक्क म्हणून मिळाला, तो एका आमदाराच्या चिकाटीतून. नवीन आमदाराने शपथ घेतल्यावर आधी त्या ग्रंथालयाचा रस्ता विचारावा असं मला मनापासून वाटतं.

निधीबद्दल गावात फार गैरसमज आहेत. आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये. हे पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मतदारसंघातली गावं, वाड्या, प्रभाग यांत ही रक्कम विभागली तर वाट्याला गल्लीतलं काँक्रिटीकरण आणि एखादा सभामंडप एवढंच येतं. मोठी कामं वेगळ्या दाराने येतात: अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत धरलेले रस्ते-पूल, ‘२५१५’ म्हणून सगळ्यांच्या तोंडी असलेलं ग्रामविकासाचं लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, जिल्हा नियोजन समिती. इथे सत्तेतला आणि विरोधातला आमदार यांच्यात फार फरक पडतो, आणि हा फरक मला अन्यायाचा वाटतो. गावाने विरोधी आमदार निवडला म्हणून त्या गावचा पूल मागे राहणं कोणत्याच न्यायात बसत नाही. पण हे वास्तव माहीत असूनच तुम्हाला उतरायचंय.

वर्षातून एकदा पंचायत समितीची आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. अनेक ठिकाणी ती उरकली जाते. माझं म्हणणं, तालुक्यातले सगळे खातेप्रमुख आणि लोक समोरासमोर बसतात असा दुसरा दिवस वर्षात नसतो. मागच्या आमसभेचं इतिवृत्त आधी वाचून दाखवायचं आणि एकेका मुद्द्यावर अधिकाऱ्याला उभं करायचं, एवढं केलं तरी पुढची तीनशे निवेदनं टळतात.

पक्षादेशाचं थोडक्यात सांगतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर कारवाई नाही ही सवलत गेली, आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली गेली. म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. मतदानात व्हिप म्हणजे पक्षादेश मोडला तर आमदारकी धोक्यात. त्यामुळे विधेयकाविरुद्ध मत देणं जवळपास अशक्य, पण बोलणं, दुरुस्ती सुचवणं, पक्षाच्या बैठकीत आधी भांडणं शक्य असतं. गेल्या काही वर्षांत राज्यात जे पाहिलं त्यानंतर हा कायदा पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही कुठल्याही पक्षात असा, मतदारांना दिलेला शब्द लेखी, जाहीरनाम्यात, गावसभेत दिलेला असू द्या. बाजू बदलायचा दबाव येतो तेव्हा लेखी शब्दाचा आधार होतो, हे मी समोर पाहिलंय.

एकाच जिल्ह्यातल्या आमदारांचं हित नेहमी एक नसतं, हेही ध्यानात घ्या. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून हद्दवाढीचा वाद आहे. शहराच्या आमदाराला हद्दवाढ हवी, भोवतालच्या गावांच्या आमदारांना गावांचा विरोध सोबत घेऊन चालावं लागतं. दोघंही आपापल्या जागी लोकांचंच बोलत असतात. याउलट उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी घ्या. वकील, पक्षकार, सगळ्या पक्षांचे लोकप्रतिनिधी अनेक दशकं मागे लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ, सुरू झालं. तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण आहे: आंदोलन, ठराव, निवेदन, भेटी हे सगळं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर काय होतं याचं.

पैशाचं सरळ सांगतो. आमदारांचं वेतन २०१६ मध्ये प्रधान सचिवांच्या मूळ वेतनाशी जोडलं गेलं, वर भत्ते, स्वीय सहायकाचा पगार, प्रवासाची सवलत, मुंबईत आमदार निवासात खोली. एक टर्म पूर्ण केलेल्याला निवृत्तिवेतन दरमहा ५० हजार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी २ हजार जास्त. कागदावर हे पुरेसं दिसतं. पण कार्यालय, गाड्या, माणसं, वर्गण्या, मदत यात ते राहत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला निवडणूक खर्चाची मर्यादा ४० लाख, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. मर्यादेबाहेर खर्च कसा होतो ते गावागावात माहीत आहे आणि त्याचा सगळ्यात वाईट परिणाम असा की जिंकलेला माणूस पहिल्या दिवसापासून कुणाचा तरी देणेकरी असतो. कर्ज काढून, जमीन विकून लढू नका. वकिली सोडू नका. आमदार असताना वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निर्णय दिलाय. फक्त मंत्री झालात किंवा लाभाचं पद आलं तर गोष्ट वेगळी. स्वतःचं उत्पन्न असलेला आमदार ‘नाही’ म्हणू शकतो.

बाई म्हणून काय, हेही तुम्ही विचारलंय. अलीकडे जिल्ह्यातून विधानसभेत गेलेल्या संध्यादेवी कुपेकर २०१३ च्या पोटनिवडणुकीत आणि जयश्री जाधव २०२२ च्या पोटनिवडणुकीत, दोघीही पतीच्या निधनानंतर. बाबासाहेब कुपेकर २००४ ते २००९ विधानसभेचे अध्यक्ष होते, चंद्रकांत जाधव कोल्हापूर उत्तरचे आमदार. त्या दोघींनी दुःखातून उभं राहून जबाबदारी घेतली याचा मला आदर आहे. पण हयातभर स्वतःच्या कामावर गट बांधून आलेली बाई या जिल्ह्याने पाठवावी, याची मी वाट पाहतोय. २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव होणार आहेत, जनगणना आणि पुनर्रचना झाल्यावर. तेव्हा घराण्यांतल्या सुना-मुली पुढे केल्या जातील. त्या वेळी तयार असलेली, कागद वाचणारी सरपंच-वकील समोर असली तर चित्र बदलेल. सरपंचपदी तुमच्या नावावर दुसऱ्या कुणी कारभार करत नाही, ही गोष्ट लोकांना आत्ताच दिसू द्या.

घरचं मात्र स्पष्ट ठरवून घ्या. मुलांच्या शाळेचा दिवस, आईवडिलांचं आजारपण, स्वतःची झोप, सगळ्यावर लोकांचा हक्क येतो. दाराशी आलेल्या माणसाला चहा देणारं, त्याचं म्हणणं ऐकून घेणारं घर नसेल तर आमदारकी टिकत नाही. हा भार पुरुष आमदारांच्या घरात बायका मुकाट उचलतात. तुमच्या घरात तो कोण उचलणार हे मतदारांआधी घरच्यांना विचारा.

आणि पडल्यावर? एन. डी. पाटील सरांकडे पाहा. विधान परिषदेत अठरा वर्षं, १९७८ ते ८० सहकारमंत्री, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार. त्यानंतर कोणतंही सरकारी पद नाही, पण कोल्हापूरच्या टोलविरुद्ध लढा उभा राहिला तेव्हा थकलेल्या शरीरानिशी तेच पुढे होते आणि शहर त्यांच्या मागे चालत होतं. टोल गेला. सभागृहात असताना नियम, कायदा, आकडे यांचा जो अभ्यास केला तो पद गेल्यावर कुणी काढून घेऊ शकलं नाही. पडल्यावर घरात बसून फोन वाजायची वाट बघणारे माजी आमदारही मी पाहिलेत. त्यांचं दुःख खरं असतं, त्यांची टिंगल करू नये.

तुम्ही विचारलंत, सुरुवात कुठून. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाची कार्यवाही मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांनी मागच्या दोन अधिवेशनांत काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते वाचून काढा. त्यात तुमच्या तालुक्याबद्दल मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं वेगळी लिहा. मग पंचायत समितीत जाऊन मागच्या आमसभेचं इतिवृत्त मागा, दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि पुढच्या आमसभेला हे दोन्ही कागद घेऊन उभ्या राहा. बंधाऱ्याच्या बर्ग्यांचा विषय तुमच्या गावात खरंच असेल तर तो कोणत्या खात्याकडे आहे ते आधी शोधा आणि मला कळवा, प्रश्नाचा मसुदा आपण मिळून करू.